अर्धा दांडा

कंपनीचं पत्र आलं तेव्हा दांडेवाल्याने ते अंगणातच उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली आणि दाराच्या चौकटीवर अर्ध्या दांड्याशेजारी ठेवून दिलं. उत्तर दिलं नाही. उन्हाळ्यात आलेलं पत्र थंडी सरली तरी तिथंच होतं. त्यावर लाकडाचा भुसा बसला, एका कोपऱ्याला वाळवीही लागली. येता-जाता त्याची नजर वर जाई आणि खाली येई.

पत्रात वाईट काहीच नव्हतं. आमच्या लहान पुरवठादारांचा विकास व्हावा म्हणून कंपनीने योजना आखली आहे, असं छान छापील अक्षरात लिहिलं होतं. शिकवायला माणूस पाठवू. वाळवणीची शेड बांधायला मदत करू. वाळवलेलं लाकूड आम्हीच पुरवू, म्हणजे तुमची धावाधाव वाचेल. फक्त आपली संमती लेखी कळवावी. खाली मोठ्या साहेबांची सही होती.

ती सही त्याला ओळखीची होती. मोठा साहेब तेव्हा मोठा नव्हता. तेव्हा तो कंपनीचा तपासनीस होता, तरणाबांड, पायात स्वच्छ बूट. फावड्या-कुदळींचे दांडे घेऊन गेलेली लॉरी दोन दिवसांनी तशीच भरलेली परत आली, तेव्हा तिच्यातून तो उतरला होता.

"ओला माल," एवढंच तो म्हणाला होता.

कंपनीचा नियम होता. दांड्यांवर कंपनीचा शिक्का डागलेला असे, म्हणून नाकारलेला माल बाहेर विकला जाऊ नये यासाठी तो मधोमध कापायचा. आणि ज्याचा माल, त्यानेच कापायचा. दांडेवाल्याचे वडील करवत घेऊन आले. दांडेवाला तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता, तो हात लावायला पुढे झाला तर तपासनीस म्हणाला, "तू नाही. माल यांच्या नावावर आहे."

वडील कापत राहिले. गाव कुंपणापाशी जमलं. कुणी काही बोललं नाही, पण कुणी घरीही गेलं नाही. तपासनीस अंगणातल्या घोडीवर बसला. घोडी म्हणजे दांडा पायाने आवळून तासायचा लाकडी बाक. त्यावर वडिलांशिवाय कुणी बसत नसे. आईने आणून दिलेला चहा त्याने बशीत ओतून फुंकून फुंकून प्यायला. अंधार पडायच्या सुमाराला शेवटचा दांडा दुभंगला तेव्हा तो उठला, पँट झटकली आणि गेला.

त्या सबंध थंडीत चुलीला दुसरं लाकूड लागलं नाही. आईने रोज त्या अर्ध्या दांड्यांवर स्वयंपाक केला. वडील समोर बसून जेवत, पण चुलीकडे बघत नसत. पुढे त्यांनी करवत म्हणून हातात धरली नाही. रंधा घेत, लाकडावर ठेवत आणि तसाच उचलून परत ठेवून देत. एक अर्धा दांडा मात्र त्यांनी चुलीत जाऊ दिला नव्हता. तो चौकटीवर राहिला आणि ते गेले.

*

यंदा बाजारात प्लास्टिकचे दांडे आले. लाल, पिवळे, हिरवे, खेळण्यांसारखे. त्यातून ऊन असं पेटलं की भिंतीला टेकवलेल्या फळ्या दुपारी बंदुकीसारख्या तडकत. दांडेवाला प्रत्येक आवाजाला दचकून बघे; दहा फळ्यांतल्या निम्म्या फुकट. आजूबाजूच्या गावांतले दांडे करणारे एकेक करत धंद्यातून उठले होते. कुणी राखणदार झाला, कुणी लेकीकडे जाऊन राहिला. त्यांच्याही अंगणात कधी ना कधी ती करवत चालली होतीच.

शहरात गोदामात हमाली करणाऱ्या मुलाचा फोन आला. "बाबा, या इकडे. खोली लहान आहे, पण मावू."

"मावू म्हणतो," दांडेवाल्याची बायको म्हणाली. "आपण काय लोणचं आहोत का बरणीत मावायला?" मग चौकटीकडे बोट करून, "अहो, त्या कागदाला उत्तर तरी द्या. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. वर बसून काय अंडी घालणार आहे तो?"

"बघू."

"तुमचं बघू! लग्नाला होकार द्यायला पण तुम्ही बघूच म्हणाला होता. माझ्या बापाने दोन दिवस अन्नपाणी सोडलं होतं."

"हत्यारं विकलीत तर मला कळवा," कोपऱ्यातून म्हातारी आई म्हणाली. "शहरात मी यायची नाही. तुमच्यामागं दाराला कुलूप लावायला कुणीतरी हवंच."

म्हणजे गोष्ट सरळ होती. या हंगामात काम मिळालं तर मुलगा परत येणार होता. नाही मिळालं तर हत्यारं भंगारवाल्याच्या गाडीत जाणार आणि म्हातारी एकटी मागे राहणार.

उत्तर गेलं नव्हतं, तरी कंपनीने शिकवायला बाई पाठवली. लहानखुरी, उन्हाने नाक सोललेली. पाठीवर पिशवी, हातात डबीसारखं यंत्र. त्याच्या पुढे दोन सुया. अंगणात शिरल्या शिरल्या तिने पहिल्या फळीत त्या सुया खुपसल्या आणि आकडा बघून मान हलवली.

"हे काय, लाकडाला इंजेक्शन?" बायको म्हणाली.

"आत पाणी किती आहे ते कळतं काकू."

त्या दिवसापासून तिचं नाव मीटरबाई पडलं.

"तुमचं लेखी उत्तर नाही आलं," ती दांडेवाल्याला म्हणाली. "ते द्याल तेव्हा द्या. तोवर शिकवायला काय हरकत आहे?"

दांडेवाल्याने तिच्या बुटांकडे पाहिलं. चिखलाने माखलेले होते. तो आत गेला.

"शिकून घेतो सगळं," तो आईला हळू आवाजात म्हणाला. "प्लास्टिक टिकायचं नाही. त्यांना माझी गरज पडेल तोवर थांबतो."

"मग?"

"मग बघतो."

"बघू नकोस," म्हातारी म्हणाली. "कर."

*

मीटरबाईने आधी भिंतीला टेकवलेल्या सगळ्या फळ्या हलवायला लावल्या. सावलीत, जमिनीपासून वर, दोन फळ्यांमध्ये बोटभर जाडीच्या पट्ट्या ठेवून थर रचायचे, म्हणजे वारा मधून फिरतो. फळ्यांच्या टोकांना रंग फासायचा, कारण पाणी टोकांतून घाईने पळतं आणि तिथंच तडा जातो. रचलेल्या थरातली एक फळी अधूनमधून काढून तराजूवर तोलायची. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार.

दांडेवाला हे सगळं दात आवळून शिकला. पट्ट्या कापताना घाम डोळ्यांत उतरे, पाठ भरून येई, आणि मनात एकच चाले: हेही घेतो तुमचं. हेही. मीटरबाई स्वतः फळ्या उचलायची. पहिल्याच आठवड्यात तिच्या तळव्यांना फोड आले, फुटले, त्यावर तिने चिंध्या बांधल्या. बायकोने हळद लावून दिली. दांडेवाल्याला ती पोर आवडायला लागली आणि त्याचा त्याला राग आला. तिच्याशी तो आणखी तुटक वागायला लागला.

"काका, मी काही केलंय का?" तिने एकदा विचारलं.

"तुम्ही नाही."

"मग कोणी?"

"पट्टी वाकडी लागलीय. नीट करा."

शेड उभी राहिली. फळ्या तडकेनाशा झाल्या. दुपारचे ते बंदुकीचे बार थांबले तेव्हा सगळ्यांना आधी चुकल्यासारखंच झालं. कंपनीचा लाकडाचा लॉट यायला वेळ होता, म्हणून दांडेवाल्याने घरच्या लाकडाचे दांडे काढायला घेतले. घोडीवर बसून तासायचे, कानशीने गोल करायचे, काचेच्या तुकड्याने गुळगुळीत. शेड भरत गेली. बाजारातून बातमी आली की प्लास्टिकचे दांडे मानेशी मोडू लागलेत, लोक दुकानदाराच्या अंगावर धावून जाताहेत आणि पेरणी तोंडावर आली आहे.

"आता येतील," म्हातारी म्हणाली.

उद्या कंपनीची लॉरी येणार असा निरोप आला त्या संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, दांडेवाल्याने पहिली गठडी सोडली आणि दांडे एकेक करून टोकाकडून पाण्याच्या कुंडीत उभे केले. त्याच्या घरची ही पिढीजात रीत. दुसऱ्या दिवशी माल द्यायचा म्हणजे आदल्या दिवशी टोकं भिजवायची. लाकूड फुगतं, गिऱ्हाइकाने तिथल्या तिथं पातं ठोकलं की घट्ट बसतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. रीत कसली, मानच तो. भिजवल्याशिवाय दांडा देणं म्हणजे पाहुण्याला उंबऱ्यावरून परत पाठवणं.

मीटरबाई तोंड धुवायला आली आणि किंचाळलीच. "काय करताय! काढा ते! आधी काढा!"

तिने स्वतःच बाह्या भिजवत दांडे उपसून बाहेर टाकायला सुरुवात केली.

"घट्ट बसतात," दांडेवाला म्हणाला.

"त्या दिवशी बसतात! कंपनीत पातं चढवतात आणि मग ते गोदामात महिनोन्महिने पडून राहतं. लाकूड सुकलं की आक्रसतं. मग कुणीतरी घाव घालतो आणि पातं सुटून जातं, समोरच्याच्या अंगावर. काका, यानेच तर माल नाकारला जातो."

"आमचं गिऱ्हाईक ढिलं झालं की परत बादलीत उभं करतं."

"गावातलं करेल. दुकानातून घेणाऱ्याला काय माहीत?" ती धापा टाकत थांबली. "हे तुम्हाला कधीच कुणी सांगितलं नाही?"

दांडेवाला मग वळून आत गेला, चौकटीवरचा अर्धा दांडा काढून आणला आणि तिच्या ओल्या हातात दिला. तिने तो उजेडात फिरवला. टोकापासून वीतभर अंतरावर एक फिकट काळसर रेघ दांड्याभोवती गोल गेली होती. पाण्याची रेघ.

"हा पण भिजवलेला. तुमचाच?"

"वडिलांचा."

त्याने तिला सांगितलं. फार बोलायची सवय नसल्यामुळे अडखळत सांगितलं. लॉरी, करवत, घोडी, चहा. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही आता जे बोललात ते एका वाक्याचं काम होतं. तेवढं एक वाक्य त्या दिवशी तो बोलला असता तर माझा बाप पुढचे दांडे कोरडे देऊन मोकळा झाला असता."

रात्रीच्या जेवणाला त्याने आईला सांगितलं, "आई, माल खरंच ओला होता."

म्हातारीचा घास हातात राहिला. "होता," ती म्हणाली. "तुझ्या बापाने भिजवला होता. कुंडीत पाणी मी भरलं होतं, या दोन हातांनी. कंपनीचा माल म्हणून रोजच्यापेक्षा जास्त भरलं होतं."

"म्हणजे साहेबाचं खोटं नव्हतं."

"का ओला, कसा ओला, हे सांगायला तोंड नव्हतं त्याला?" म्हातारीने घास ताटात परत ठेवला. "चहा प्यायला होतं की."

दांडेवाल्याला वाटलं होतं की खरं कळल्यावर मनातलं थोडं निवळेल. ते निवळलं नाही. उलट आता त्याला धार आली.

*

साहेब आला तो कंपनीच्या लाकडाची लॉरी घेऊनच आला. बरोबर फोटो काढणारा एक आणि आसपासच्या गावांतले चार-दोन जुने दांडे करणारे. त्यांनाही योजनेत ओढायचं होतं. साहेब आता जाड झाला होता. गुडघे धरून उतरला. गाव कुंपणापाशी आलं.

साहेबाने शेड पाहिली, आत हारीने लावलेले कोरडे दांडे पाहिले आणि त्याचा चेहरा फुलला. भाषणात म्हणाला, "लहान पुरवठादार मोठा झाला तरच कंपनी मोठी होते." मग बसायला जागा बघितली आणि घोडीवर बसला. अंगण त्याला ओळखू आलं नव्हतं.

"छान. फार छान," तो दांडेवाल्याला म्हणाला. "आमचं लाकूड उतरवून घ्या, तुमचा माल चढवा. आणि ते संमतीचं पत्र राहिलंय तुमच्याकडून. तेवढं द्या, म्हणजे फोटो काढू."

"आधी लाकूड बघू," दांडेवाला म्हणाला. "मीटरबाई, यंत्र द्या."

तो लॉरीच्या मागच्या बाजूला गेला, वरची फळी ओढली आणि सुया खुपसल्या. दुसरी ओढली. तळातली ओढली. यंत्र मीटरबाईच्या हातात परत दिलं.

"तुम्ही वाचा. मोठ्याने."

मीटरबाईने आकडा पाहिला. मग साहेबाकडे पाहिलं. तिची नोकरी त्याच्या एका शब्दावर होती, हे अंगणात सगळ्यांना कळत होतं. तिने चिंध्या बांधलेला हात कपाळावरून फिरवला.

"ओलं आहे, साहेब. मर्यादेच्या दुप्पट."

"असेल थोडं," साहेब म्हणाला. "घाईत भरलं असेल. त्यात काय, वाळवून घ्या. चालेल."

"आमचंही चाललं असतं," दांडेवाला म्हणाला.

"काय?"

दांडेवाल्याने अर्धा दांडा त्याच्या मांडीवर ठेवला. शिक्का वर करून. कंपनीचा जुना शिक्का, आता कुणी वापरत नाही तो. साहेब त्याच्याकडे बघत राहिला. मग घोडीकडे, मग कुंडीकडे, मग दारात उभ्या म्हातारीकडे.

"तुम्ही त्यांचे..."

"मुलगा. तू नाही, असं तुम्ही म्हणाला होतात मला." दांडेवाला आत जाऊन करवत घेऊन आला. वडिलांचीच. कालच तिला धार लावली होती. "नाकारलेला माल ज्याचा त्यानेच कापायचा. नियम तुमचाच आहे. सगळी लॉरी नको. एक फळी पुरे."

"अहो, हा काय पोरखेळ?" साहेब हसायला गेला, पण कुंपणापाशी कुणी हसलं नाही. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. "मी आता त्या वेळचं... तेव्हा वरून हुकूमच तसे होते. मला तुमचे दांडे हवेत. आजच हवेत. पेरणी थांबते का?"

"नाही थांबत," दांडेवाला म्हणाला आणि करवत पुढे धरून उभा राहिला.

साहेबाने कोट काढला. कुठे ठेवावा कळेना, तेव्हा मीटरबाईने तो घेतला. फळी दोन ओंडक्यांवर टाकली होती. साहेबाने करवत टेकवली, ओढली, ती उडाली. पुन्हा टेकवली. ओलं लाकूड पातं धरून ठेवतं. दोन बोटं आत जाते न जाते तोच करवत अडकली. तो ती सोडवायला ओणवा झाला, शर्ट पाठीला चिकटला. मऊ तळहात लाल झाले. कुंपणापाशी एक जुना दांडे करणारा उभा होता, तो बारीक आवाजात म्हणाला, "सरळ ओढा साहेब. आम्हाला पण कुणी शिकवलं नव्हतं."

तेवढ्यात म्हातारी बाहेर आली. तिच्या हातात कप-बशी होती. साहेबाने मान वर केली. त्याला वाटलं असावं की आपल्यासाठीच आहे. दांडेवाल्याला पण तसंच वाटलं, की आता आई पुरे म्हणणार.

म्हातारी सावकाश चालत घोडीपाशी गेली. साहेब बसला होता त्याच जागी बसली. चहा बशीत ओतला आणि फुंकून फुंकून प्यायला लागली.

"अर्ध्यावर सोडू नका," ती म्हणाली. "आमच्या यांनी सोडलं नव्हतं."

साहेब कापत राहिला. शेवटी फळी दुभंगली, तुकडा खाली पडला. साहेब तसाच ओणवा राहून श्वास घेत होता. म्हातारीने बशी ठेवली, तुकडा उचलला, आत नेऊन चुलीत घातला. दाराबाहेर नुसता धूर आला.

"पेटत नाही," ती आतून म्हणाली. "ओलं आहे."

साहेबाने हात झटकले. "झालं समाधान? आता माल चढवा आणि पत्र द्या."

"पत्र देतो," दांडेवाला म्हणाला. "पोस्टाने आलं होतं, पोस्टानेच जाईल. तोवर माल इथंच."

*

लॉरी ओली फळकुटं घेऊन परत गेली. धूळ बसायच्या आत बायको त्याच्यासमोर उभी.

"गेली की हो लॉरी! शेड भरलेली आहे, हातात काही नाही. मन भरलं ना? आता तेच शिजवते!"

"बस जरा," तो म्हणाला. "उत्तर लिहायचंय."

मीटरबाई निघायच्या तयारीत होती, पिशवी पाठीवर. "काका, माझ्याकडे द्या. मी नेऊन देते."

"नको. तुम्ही नेलंत तर तुमच्यावर येईल. अजून यायचंय ना तुम्हाला?"

"येऊ का?"

"तुमच्याशिवाय पट्ट्या वाकड्या लागतात," तो म्हणाला आणि तिच्याकडे न बघता पेन शोधायला लागला.

त्याने चौकटीवरचं पत्र काढलं, भुसा झटकला आणि त्यांच्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहिलं. बायको खांद्यावरून वाचत होती.

'पत्र मिळालं. मदत दिली तशी घेतली, उपयोग झाला. मंजूर आहे, पण असं. माल नाकारायचा तर नाकारणाऱ्याने अंगणात उभं राहून कारण दाखवायचं आणि पुढच्या वेळी काय करायचं ते सांगायचं. माल अख्खा परत द्यायचा. शिक्का हवा तर तासून काढू. कुणी कुणाला आपलं काम आपल्या हातांनी कापायला लावायचं नाही, आम्हाला नाही आणि दुसऱ्या कुणाला नाही. हे तुमच्या नियमात छापून पाठवा. छापील कागद येईपर्यंत शेडचं दार बंद आहे.'

"एवढंच?" बायको म्हणाली. "लिहा, की दांडे सुके आहेत. त्यांना थांबायला काही होत नाही. पेरणीला होतं."

त्याने ते लिहिलं. म्हातारीने अर्धा दांडा पदराने पुसला आणि कागद त्याच्याभोवती गुंडाळून वर सुतळी बांधली.

"हा पण?" तो म्हणाला. "बाबांची आठवण आहे ती."

"आठवण मला आहे," म्हातारी म्हणाली. "त्याला नव्हती. त्याला पाठव."

सकाळी तो पोस्टात गेला. खिडकीतल्या कारकुनाने पुडकं हातात तोललं, तराजूवर ठेवलं, तिकिटं लावली.

"आत काय आहे?"

"लाकूड."

"मोडण्यासारखं काही?"

"नाही," दांडेवाला म्हणाला. "मोडायचं ते मोडून झालंय."

कारकुनाने शिक्का मारला आणि पुडकं मागच्या पोत्यात टाकलं.